बाळ घरी येण्यापूर्वी

मंडळाच्या वनभोजनाला या वेळी चार जोडपी अशी भेटली, की ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे. बोलणी सगळी नेहमीचीच चालली होती. डोहाळजेवण कधी, आईच्या व्हिसाची मुलाखत झाली का, डिंकाचे लाडू कोण करणार, स्ट्रोलर कुठला घ्यायचा, बाळाच्या खोलीला रंग कोणता द्यायचा. त्यातल्या एका होऊ घातलेल्या बाबांना मी सहज विचारले, "तुमचा वॉटर हीटर किती तापमानावर लावलाय?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्यांचा पगारच विचारला! तेव्हाच ठरवले, की आरोग्य आणि अर्थ या सदरासाठी या वेळी हाच विषय घ्यायचा.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. शिक्षणाने इंजिनिअर, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तरीही गेली चार वर्षे आमच्या घरी वर्षातून दोनदा, रविवारी दुपारी, नव्या आईबाबांची एक बैठक मी आणि माझी पत्नी घेतो. चहा-चिवडा आमचा, प्रश्न तुमचे. हा उद्योग मी का सुरू केला, ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

आमची मुलगी दहा महिन्यांची होती. माझे आईबाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांना मधुमेह. येताना त्यांनी सहा महिन्यांच्या गोळ्या आणल्या होत्या, रुपेरी पट्टीतल्या. बोटे दुखतात म्हणून आईने त्या सोडवून आठवड्याच्या वारांची प्लॅस्टिकची डबी असते ना, तिच्यात भरून ठेवल्या. डबी सोफ्याशेजारच्या बुटक्या टेबलावर, चष्म्याजवळ. शुक्रवारी दुपारी मी घरूनच काम करत होतो, पत्नी ऑफिसात. आई स्वयंपाकघरात, बाबा पेपर वाचत सोफ्यावर. म्हणजे एका बाळामागे तीन मोठी माणसे घरात होती. मी पाणी प्यायला बाहेर आलो तर मुलगी गालिच्यावर बसलेली, डबी उलटी पडलेली, आणि तिच्या ओठाला हिरवट काहीतरी लागलेले. बाबा म्हणाले, "अरे, आत्ता तर इथं खेळत होती." आम्ही गुडघ्यांवर बसून गोळ्या गोळा केल्या, मोजल्या. एक कमी भरली.

खरे सांगायचे तर माझ्या मनात आले, एवढीशी एक गोळी, त्यात काय व्हायचे? मुलगी तर हसत होती. पत्नीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मला काही सांगू नकोस, आधी पॉयझन कंट्रोलला फोन कर." त्या नंबरवर लगेच माणूस भेटला. त्या बाईंनी चारच प्रश्न विचारले: औषधाचे नाव, गोळीची मात्रा, बाळाचे वजन, किती वेळ झाला. मग शांत आवाजात सांगितले, की लक्षणांची वाट पाहू नका, उलटी काढू नका, ताबडतोब इमर्जन्सीत न्या, मी त्यांना कळवते. रक्तातली साखर उतरवणारी ही जी औषधे आहेत (ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड वगैरे), त्यांची एकच गोळी लहान मुलाचा जीव घेऊ शकते, आणि परिणाम कित्येक तासांनी दिसू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. रात्री अकराच्या सुमारास तिची साखर ५० च्या खाली गेली. शिरेतून ग्लुकोज लावले. दर तासाला टाचेला सुई. रविवारी सकाळी आम्ही घरी आलो. मुलीला काही झाले नाही. ती आता सहा वर्षांची आहे आणि भाजी खात नाही.

बाबांनी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस तिला एकट्याने मांडीवर घेतले नाही. आई म्हणायची, कुणाची तरी दृष्ट लागली. दृष्ट कसली! डबीला झाकण होते, पण ते म्हाताऱ्या बोटांना सहज उघडावे म्हणून केलेले होते, आणि म्हातारी बोटे आणि दहा महिन्यांची बोटे यांत फारसा फरक नसतो.

लक्ष ठेवणे पुरे पडत नाही

आपण सगळे म्हणतो, "आमचं लक्ष असतं." त्या दिवशी तीन माणसांचे लक्ष होते. आमच्या कामात एक साधा नियम आहे, की जी व्यवस्था माणसाने कधीच चूक न करण्यावर अवलंबून असते, ती कधी ना कधी कोसळते. फोन वाजतो, दूध उतू जाते, रात्रभर जागलेली आई बसल्या बसल्या डुलकी घेते. म्हणून चूक होणारच हे धरून चालायचे आणि चूक झाली तरी बाळापर्यंत काही पोचू नये, अशी घराची मांडणी करायची. कुलूप, कठडा, उंची, कमी तापमान ही थकत नाहीत. आणि हे काम बाळ यायच्या आधीच करायचे, कारण नंतरचे तीन महिने तुम्हाला स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवलाय तेही आठवणार नाही. सातव्या महिन्यात एक शनिवार काढा. बाबांनी गुडघ्यांवर रांगत सगळे घर फिरून यावे. पत्नी हसेल, हसू द्या. सोफ्याखाली, टेबलाच्या कडेखाली, प्लगांपाशी काय काय दिसते ते उभ्या माणसाला कधीच दिसत नाही.

झोप

सगळ्यात जास्त वादावादी इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३,५०० तान्ही बाळे झोपेत दगावतात. यांतली काही अचानक, कारण न सापडता, बरीच गुदमरून. १९९२ साली अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने बाळांना पोटावर झोपवू नका असे सांगितले, १९९४ पासून पाठीवर झोपवण्याची देशभर मोहीम झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत अशा अचानक मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळाला उताणे ठेवले. यापेक्षा स्वस्त उपाय माझ्या ऐकिवात नाही.

तर नियम असा: पहिले वर्षभर, रात्री आणि दुपारीही, बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, स्वतःच्या क्रिबमध्ये, आणि क्रिबमध्ये ताणून बसवलेल्या चादरीशिवाय दुसरे काही नाही. दुलई नाही, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत. पहिले सहा महिने तरी क्रिब तुमच्याच खोलीत, पण बाळ तुमच्या पलंगावर नाही.

आता आजीबाई येतात. त्यांच्या बॅगेत आजोळची मऊ गोधडी असते, चार दुपटी असतात, डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची किंवा राळ्याची उशी असते, आणि कानाला वारा लागू नये म्हणून टोपडे. हे सगळे प्रेमाने शिवलेले असते, त्याला नाही म्हणणे सोपे नाही. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमची चार मुलं गोधडीत वाढली, कुणाला काही झालं नाही." त्यांचे खरेच आहे. सीटबेल्ट न लावता आयुष्यभर सुखरूप फिरलेली माणसेही पुष्कळ आहेत. आम्ही तडजोड अशी केली: गोधडी जमिनीवर. बाळ जागे असताना तिच्यावर पालथे ठेवायचे, आजीने समोर बसायचे. त्याने मान आणि खांदे बळकट होतात आणि डोके एका बाजूला चपटे होत नाही, म्हणजे उशीचे काम उशीशिवाय होते. टोपडे बाहेर जाताना. घरात तापलेल्या खोलीत टोपडे घालून झोपवलेले बाळ जास्त तापते, आणि तेही धोक्याचे. थंडी वाटत असेल तर अंगात घालायची झोपपिशवी मिळते. दुपट्यात घट्ट गुंडाळत असाल तर बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागले की ते बंद. गळ्यातले काळे मणी, साखळी, मनगट्या झोपवताना काढून ठेवा.

बारशाचा पाळणा हा वेगळा विषय. मंडळाकडचा तो नक्षीचा लाकडी पाळणा बारशाला जरूर न्या, पाळणा म्हणा, कानात नाव सांगा, फोटो काढा. दहा माणसे भोवती उभी असताना धोका नाही. पण पाहुणे गेले की बाळ क्रिबमध्ये. साडीची झोळी, झोके घेणारी खुर्ची, कार सीट या झोपायच्या जागा नव्हेत, कारण बसल्यासारख्या स्थितीत तान्ह्या बाळाची मान पुढे पडते आणि श्वासाची वाट दबते. गाडीत झोपले तर घरी आल्यावर उचलून सपाट ठेवा.

क्रिब कुणाकडून जुनी मिळत असेल तर वर्ष विचारा. एक बाजू खाली सरकणाऱ्या क्रिब २८ जून २०११ पासून विकायला बंदी आहे. गजांमधले अंतर पावणेदोन-दोन इंच ठीक, पण सव्वादोन इंचांच्या थोडे वर, नेमके सांगायचे तर २ पूर्णांक ३/८ इंचांपेक्षा, जास्त नको. सोड्याचा कॅन त्यातून जात असेल तर ती क्रिब नको. कडेने बांधायच्या मऊ गाद्या आणि बाळाला झोपवायच्या तिरक्या खुर्च्या २०२२ च्या कायद्याने बाजारातून गेल्या, पण लोकांच्या बेसमेंटमधून गेलेल्या नाहीत. कुणी प्रेमाने दिल्या तर आभार मानून घ्या आणि कचऱ्यात टाका.

चहा, फोडणी आणि बादली

भाजणे म्हटले की आपल्याला शेगडी आठवते. पण तान्ह्या बाळांचे भाजणे बहुतेक वेळा गरम पातळ पदार्थाने होते, आणि आपल्या घरांत तो पदार्थ म्हणजे चहा. बाळ मांडीवर, कप हातात, गप्पा रंगलेल्या. चार महिन्यांचे बाळ झडप घालून कप ओढते आणि अर्धा कप छातीवर सांडतो. बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ. आमच्या घरी आता नियम आहे, की एका वेळी हातात एकच, चहा किंवा बाळ. पाहुण्यांनाही सांगतो. काहींना राग येतो. चालेल. टेबलावर खाली लोंबणारा टेबलक्लॉथ घालू नका. उभे राहायला शिकणारे बाळ तोच धरते.

स्वयंपाक मागच्या शेगडीवर, कढईचा दांडा आत वळवून. फोडणी देताना आणि कुकर उघडताना बाळ कडेवर नको. हे सगळ्यांना ठाऊक असते. कुणी कबूल करत नाही ते असे, की फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म बोंबलतो म्हणून बऱ्याच मराठी घरांत त्याची बॅटरी काढून ठेवलेली असते! बैठकीत मी हात वर करायला सांगतो, आणि हसत हसत निम्मे हात वर जातात. बॅटरी काढू नका. शेगडीपासून थोडा दूर लावा, पंखा चालू करून मग मोहरी टाका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा.

आता वॉटर हीटर. तो १२० अंश फॅरनहाइटवर आणा, म्हणजे आपले ४९ अंश सेल्सिअस. १४० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाचीही कातडी सहा सेकंदांत खोलवर भाजते, १५० ला दोन सेकंदांत. १२० ला तेवढेच भाजायला पाच मिनिटे लागतात. म्हणजे नळ चुकून उघडला तरी बाळाला बाहेर काढायला वेळ मिळतो. हे काम फुकट आहे. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर मॅनेजरला लेखी कळवा, आणि तोवर थर्मामीटरने पाणी मोजा.

बाळाला पायांवर घेऊन तेल लावून न्हाऊ घालायची आपली पद्धत छानच आहे, त्यात फक्त तीन गोष्टी बदला: पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूला गरम न लागणारे, नाकात-कानात तेल नाही, कारण ते फुप्फुसात उतरते, आणि धुरी नाही. आणि मुख्य म्हणजे बादली. आपल्यापैकी अनेकांच्या टबमध्ये बादली आणि मग असतोच. भरलेली बादली रात्रभर तशीच ठेवायची सवय, उद्या पाणी आले नाही तर म्हणून, इथे येऊन वीस वर्षे झाली तरी जात नाही. उभे राहू लागलेले मूल बादलीत डोकावते, त्याचे डोके अंगाच्या मानाने जड असते, ते तोंडावर आत पडते आणि त्याला परत उठता येत नाही. आवाजही होत नाही. दोन इंच पाण्यात बाळ बुडू शकते. बादली वापरली की रिकामी आणि उलटी. टबमध्ये बाळ असताना दारावरची घंटा वाजली, तर बाळाला टॉवेलात गुंडाळून बरोबर न्या, नाहीतर वाजू द्या.

भाजलेच तर: कपडे काढा, वाहत्या नळाच्या साध्या पाण्याखाली दहा ते वीस मिनिटे धरा. बर्फ नाही, तूप नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. मग डॉक्टर.

देवघर आणि आजीचा बटवा

इथल्या कुठल्याही इंग्रजी माहितीपत्रकात देवघर नसते, त्यामुळे ही यादी आपल्यालाच करावी लागते. बहुतेकांचे देवघर खालच्या कप्प्यात किंवा चौरंगावर, म्हणजे नेमके रांगणाऱ्या बाळाच्या हाताशी. निरांजन, समई, उदबत्ती, काडेपेटी, सुपारी, सुटी नाणी. या सगळ्यांत वाईट म्हणजे कापूर. पांढऱ्या वड्या, गोड वाटणारा वास. थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. देवघर छातीच्या उंचीवर घ्या आणि कापूर त्याहून वर, कुलपात. देवाला चालेल. साड्यांच्या बॅगेतल्या डांबराच्या गोळ्याही अशाच; आपल्यात काही कुटुंबांत जी६पीडीची कमतरता असते, त्या मुलांच्या रक्तपेशी नॅप्थालीनने फुटतात. दिवाळीत आपण बॅटरीच्या पणत्या आणतो. त्यांच्या तळाशी बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती घशात अडकली तर दोन तासांत अन्ननलिका जाळते. मुलांच्या वस्तूंतला बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद असतो, तसा या पणत्यांचा आहे का हे विकत घेतानाच पाहा.

औषधांबद्दल वर लिहिलेच. भारतातून येणाऱ्या गोळ्यांच्या बाटल्यांना बहुधा इथल्यासारखी दाबून फिरवायची झाकणे नसतात. आईबाबा उतरले, की चहा व्हायच्या आधी त्यांच्या औषधांची पिशवी वरच्या कपाटात गेली पाहिजे. पर्स, हँडबॅग, कोटाचे खिसे, विमानात घेतलेली छोटी पुडी, सगळे. रक्तदाबाच्या गोळ्याही तितक्याच घातक. हे त्यांना अवघडल्यासारखे होऊ न देता कसे सांगायचे? आम्ही येण्यापूर्वीच फोनवर सांगतो, "आई, तुमच्या औषधांसाठी वेगळं कपाट केलंय." त्यांना मान दिल्यासारखे वाटते, आणि खरेच दिलेला असतो.

बाळगुटी, काजळ, मध यांवर एकेक वाक्य लिहून भागणार नाही, पण थोडक्यात सांगतो. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बारशाला सोन्याच्या अंगठीने चाटवायचा तोसुद्धा नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम होतो आणि स्नायू लुळे पडतात. गुटीत आपण वेखंड उगाळतो. अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. पहिल्या सहा महिन्यांत दूधच पुरे, वरचे पाणीही नको. बाजारच्या काजळात आणि सुरम्यात अनेकदा शिसे सापडले आहे, सुट्या हळदीतही. शिशाचा परिणाम मेंदूवर होतो आणि तो भरून येत नाही. तीट लावायचीच असेल तर पायाच्या तळव्याला लावा म्हणणारे आहेत, पण बाळ पायही तोंडात घालते. घर १९७८ पूर्वीचे असेल तर रंगाचे पोपडे तपासा, आणि वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांना शिशाच्या रक्तचाचणीबद्दल स्वतः विचारा. "आम्ही भारतीय मसाले आणि काजळ वापरतो," हे त्यांना सांगा, लाजू नका.

पडणे, घशात अडकणे आणि बाकीचे

तान्ह्या बाळांना दुखापत होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण पडणे. बाळ पालथे कधी पडू लागेल ते आधी सांगत नाही. काल पडत नव्हते, आज पडते. पलंगावर उशांची भिंत करून जाऊ नका. डायपर बदलताना एक हात बाळावर, नाहीतर सरळ जमिनीवर बदला. जिन्याच्या वर भिंतीत स्क्रूने बसवलेले फाटक. खिडकीची जाळी डास अडवते, मूल अडवत नाही. वरच्या मजल्यावर खिडकी चार इंचांहून जास्त उघडू नये असा अटकाव लावा. कपाटे आणि टीव्ही भिंतीला पट्टीने जखडा. पांगुळगाडा आणू नका. इथे ज्याला वॉकर म्हणतात तो कॅनडाने २००४ पासून बंदच केला आहे. त्याने मूल लवकर चालत नाही, फक्त लवकर जिन्यापाशी पोचते.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे चार वर्षांपर्यंत नकोत. आपल्या बैठकांत बश्या खाली सतरंजीवर असतात, हे लक्षात ठेवा. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती गिळण्याजोगी समजा. बाळाच्या घशात काही अडकले आणि आवाज बंद झाला, तर पाठीवर पाच थापा, मग उलटून छातीवर पाच दाब, हे आलटून पालटून, आणि एकाने ९११ ला फोन. पोट दाबायचे नाही, बोट घालून चाचपडायचे नाही. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून पाहावे लागते. रेड क्रॉस, अमेरिकन हार्ट असोसिएशन, बहुतेक प्रसूतीची रुग्णालये, सगळीकडे वर्ग असतात. आईबाबांबरोबर आजीआजोबांनीही जावे, कारण दिवसभर बाळ त्यांच्याचपाशी असते.

एक गोष्ट आमच्या बैठकीत मी पुरुषांना वेगळी सांगतो. साधारण सहाव्या-आठव्या आठवड्यात बाळाचे रडणे शिगेला पोचते. दूध झाले, डायपर झाला, ढेकर झाली, तरी रडते. पहाटे तीनला, दुसऱ्या दिवशी रिलीज असताना, माझ्या हातांत एकदा असा ताठरपणा आला होता की मलाच भीती वाटली. अशा वेळी बाळाला क्रिबमध्ये पाठीवर ठेवा, दार ओढा, दहा मिनिटे बाहेर जाऊन उभे राहा. रडल्याने बाळाला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. एकट्याने सहन करू नका. रात्री दोनलाही फोन उचलणारे घर मंडळात आहे, आमचेच.

गाडी आणि पैसा

कार सीट नसेल तर रुग्णालय बाळाला गाडीतून घरी सोडायला सहसा तयार होत नाही. सीट आठव्या महिन्यात बसवा. तोंड मागे, मागच्या आसनावर, आणि सीट बनवणाऱ्यांनी दिलेली वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत तसेच. पाय दुमडतात म्हणून वळवू नका. पट्ट्यांत चिमटीत धरण्याइतका सैलपणा नको. जाड कोट घालून पट्टा लावला तर तो धडकेत ढिला पडतो. पट्टा आधी, पांघरूण वरून. भारतात जाताना सीट घेऊन जा. तिथेही २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बालसीट कायद्याने सक्तीची आहे, काका कितीही म्हणोत, "घे मांडीवर, इथंच तर जायचंय." आणि बंद गाडीत विसरलेल्या मुलांचे मृत्यू: या देशात वर्षाला सरासरी ३७. विसरणारे आईबाप निष्काळजी नसतात, त्यांचा रोजचा क्रम त्या दिवशी बदललेला असतो. लॅपटॉपची बॅग मागे बाळाशेजारी ठेवा.

खर्चाचे म्हणाल तर नवी विकली जाणारी प्रत्येक क्रिब आणि प्रत्येक कार सीट एकाच केंद्रीय सुरक्षा नियमात बसावी लागते, स्वस्त असो की महाग. जास्तीचे पैसे कापडाला आणि दिसण्याला जातात. कार सीट मात्र अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका. अपघातातून गेली असेल तर बाहेरून कळत नाही, आणि प्रत्येक सीटवर बादपणाची तारीख असते. बरोबर येणारे नोंदणीचे कार्ड भरून पाठवा, म्हणजे सीट परत मागवली तर तुम्हाला कळेल. कठडे, कुलपे, पट्ट्या, फाटक मिळून आमचे शंभर-सव्वाशे डॉलर गेले होते. त्या गोळीपायी, विमा असूनही, आमच्या खिशातून १,८०० गेले. कंपनीच्या विम्यात बाळाचे नाव घालायला जन्मापासून ३० दिवस मिळतात. त्या मुदतीत घातले तर विमा जन्मदिवसापासून लागू होतो, चुकलात तर बहुधा पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते. अर्ज प्रसूतीच्या आधीच भरून ठेवा, फक्त नाव आणि तारीख रिकामी.

फ्रिजवर एक कागद लावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. आजीआजोबा घाबरले की इंग्रजी पळते. वर ९११. खाली पॉयझन कंट्रोल, १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, फुकट, दुभाष्याची सोय आहे. मग बाळाच्या डॉक्टरांचा नंबर, तुमचा स्वतःचा पत्ता पिनकोडसह, बाळाचे वजन, आणि इंग्रजीत म्हणायचे एक वाक्य देवनागरीत लिहून: "बेबी नॉट ब्रीदिंग, प्लीज कम." आमच्या आईने ते वाक्य तीन दिवस पोळ्या लाटताना पाठ केले. कधी लागले नाही. बाळाचे वजन तेवढे दर तपासणीनंतर खोडून नवे लिहायचे, हे काम बाबांनी स्वतःकडे मागून घेतले. दर वेळी येतात तेव्हा आपल्या गोळ्यांची पिशवी ते विमानतळावरून घरी येतानाच माझ्या हातात देतात.